सणाची पेटी



सणांविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. कोणत्या तिथीला कोणती देवता मांडावी, नैवेद्यास काय करावें, कोणत्या राजानें कोणता उत्सव किती थाटानें केला, हें पोथ्यांत सांपडतें, बखरींत सांपडतें, परदेशी प्रवाशांच्या रोजनिशींतही सांपडतें. पण सण सरल्याच्या दुसऱ्या दिवशीं घरांत काय होतें, हें लिहून ठेवण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाहीं. त्या दिवशीं फुलें सुकलेलीं असतात, रांगोळी पुसट झालेली असते, पाहुणे गेलेले असतात. आणि घरांतील एखादी वडील बाई मखराच्या दोऱ्या सोडवून, साड्यांच्या घड्या घालून, समया पुसून एकेक वस्तू पेटींत ठेवीत असते. या कामाला प्रेक्षक नसतात, त्याला आरती नसते. तरी पुढच्या वर्षींचा सण याच कामावर उभा राहतो.

आज मी या दुसऱ्या दिवसाविषयीं बोलणार आहें. सणाच्या वस्तू माणसें वर्षानुवर्षें कशीं जपतात, कोणत्या वस्तू मुद्दाम जपत नाहींत, आणि जपण्याची ही व्यवस्था मोडली म्हणजे काय होतें, या तीन प्रश्नांचीं उत्तरें शोधण्यासाठीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं. आपल्या नागपूर शहराच्या इतिहासांत तीं पुरेशीं स्पष्ट आहेत.

श्रावणांतल्या अमावास्येला पोळा येतो. शेतकऱ्याच्या बैलाचा हा दिवस. आदल्या दिवशीं बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळावयाची, पोळ्याच्या दिवशीं त्याला न्हाऊं घालून शिंगें रंगवावयाचीं, पाठीवर झूल, गळ्यांत घुंगरमाळा, कपाळावर बाशिंग, असा साज चढवावयाचा आणि आंब्याच्या पानांच्या तोरणाखालीं त्याला नेऊन उभें करावयाचें. तेथें झडत्या म्हटल्या जातात आणि तोरण तुटलें कीं पोळा फुटतो. नवें रान, नवी पानें आणि जुनी झूल, असें या साजाचें मिश्रण असतें. झूल मात्र दर वर्षीं नवी होत नाहीं. पोळा झाला कीं ती झटकून, उन्हांत घालून, घडी करून ठेवलेली असते.

दुसऱ्या दिवशीं, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, नागपुरांत दोन उत्सव होतात, आणि माझ्या विषयाच्या दृष्टीनें त्या दोहोंची जोडी फार बोधप्रद आहे. एक मारबतींची मिरवणूक आणि दुसरा मुलांचा तान्हा पोळा. पहिल्यांत वर्षांतून एकदां केलेली भव्य मूर्ति त्याच दिवशीं जाळून टाकावयाची. दुसऱ्यांत लाकडाचा बैल पेटींतून अथवा माळ्यावरून काढावयाचा, मिरवावयाचा आणि पुन्हां पुढच्या वर्षासाठीं ठेवून द्यावयाचा. एकाच शहरानें, एकाच तिथीला, नाश आणि जतन हे दोन्ही धर्म पाळावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

मारबतीपासून आरंभ करूं. काळी मारबत १८८१ सालापासून आणि पिवळी मारबत १८८५ सालापासून निघते असें नागपुरांत सांगतात. पिवळी मारबत तेली समाजाची. बांबूचा सांगाडा, त्यावर कागद आणि कापड, वरून रंग, अशी ही प्रचंड स्त्रीमूर्ति असते. तिच्यामागें बडगे निघतात; त्या वर्षीं लोकांच्या मनांत ज्या गोष्टींचा राग असेल, मग ती महागाई असो कीं लांचलुचपत, तिचें सोंग बडग्याच्या रूपानें काढलें जातें. मारबतीनें गांवची पीडा आणि रोगराई आपल्याबरोबर न्यावी अशा आरोळ्या उठतात, आणि वस्तीबाहेर तिचें दहन होतें. ज्या वस्तूनें घरादाराची पीडा अंगावर घेतली ती परत घरांत कशी आणावयाची? तिला पेटी नाहीं, माळा नाहीं, गुंडाळण्यास कापड नाहीं. तिला शिल्लक राहूं न देणें हाच तिचा विधि आहे.

मग प्रश्न असा कीं, जी वस्तू दर वर्षीं जळते तिचें रूप जवळजवळ दीड शतक कसें टिकलें? ती मूर्ति करणारे हात टिकले म्हणून. दर श्रावणांत बांबू चिरावा लागतो, सांगाडा बांधावा लागतो, चेहरा रंगवावा लागतो. म्हणून दर पिढीला तें काम शिकावेंच लागतें. वस्तू नाहींशी होते, पण कसब राहतें. आपल्या मातीच्या गणपतीची गोष्ट अशीच आहे. तो दर वर्षीं पाण्यांत जातो म्हणूनच महालांतली चितार ओळ दर वर्षीं नव्या मातीनें भरते. विसर्जनाची चाल नसती तर तेथील कारागिरांच्या पुढच्या पिढीला हातांत माती घेण्याचें कारण उरलें नसतें.

तान्ह्या पोळ्याचा न्याय याच्या उलट आहे. ही चाल नागपूरकर भोसल्यांपैकीं दुसऱ्या रघुजींनीं पाडली अशी परंपरा आहे. दुसऱ्या रघुजींची कारकीर्द १८१६ सालीं त्यांच्या मृत्यूनें संपली. खऱ्या बैलांचा पोळा थोरांचा. मुलांनाही तो सण साजरा करतां यावा म्हणून लाकडी बैलाची कल्पना निघाली, असें सांगतात. आजही महालांतील भोसल्यांच्या वाड्यांतून मोठा लाकडी बैल त्या दिवशीं बाहेर निघतो आणि तो दुसऱ्या रघुजींच्या वेळचा आहे अशी श्रद्धा आहे. शहरांतील मुलें आपापले चाकांचे लहान बैल सजवून घरोघरीं नेतात आणि त्यांना बोजारा मिळतो. वर्धा जिल्ह्यांतील सिंदी रेल्वे येथील तान्हा पोळा तर मोठमोठ्या लाकडी नंदींसाठीं सर्व विदर्भांत प्रसिद्ध आहे.

या लाकडी बैलाचें आयुष्य पाहा. वर्षांतला एक दिवस तो रस्त्यावर असतो आणि उरलेले सारे दिवस अंधारांत. बापाचा बैल मुलाला मिळतो, त्याचा त्याच्या मुलाला. मध्यें एखादें शिंग तुटतें, तें सुताराकडून बसवून घेतात, रंग उडतो, तो पुन्हां देतात, चाक बदलतें. येथें कसबापेक्षां वस्तू टिकते, आणि वस्तूबरोबर तिच्यावर पडलेले हात टिकतात. आजोबांनीं ज्या दोरीनें बैल ओढला त्याच भोकांतून नातवाची दोरी जाते. मारबत शहराला विसरण्यास शिकविते आणि तान्हा पोळा आठवण्यास. गांवाला दोहोंची गरज असते.

आतां जतनाची व्यवस्था मोडली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण पाहूं. तेंही भोसल्यांच्याच वाड्यांतलें आहे.

मराठी राजवटींत सरकारी वस्तूंच्या सांभाळासाठीं कारखाने असत. अठरा कारखाने हा शब्दच रूढ आहे. जामदारखान्यांत वस्त्रें आणि मौल्यवान जिन्नस, फरासखान्यांत तंबू, कनाती आणि बिछायती, पीलखान्यांत हत्ती, नगारखान्यांत वाद्यें, अशी वांटणी असे. प्रत्येक खात्यावर कारकून असे आणि त्याच्यापाशीं जिनसांची नोंद असे. दसऱ्याची स्वारी निघावयाची तर हत्तीची झूल कोठें, अंबारी कोठें, निशाण कोठें, हें ऐन वेळीं शोधून चालत नसे. दरबारी थाटाच्या मागें ही रुक्ष वहीखात्याची शिस्त होती. घरांतील वडील बाईची पेटी आणि राजाचा जामदारखाना यांत आकाराचा फरक असला, तरी दोहोंचें काम एकच: गेल्या वर्षींचें वैभव पुढच्या वर्षीं हातीं लागेल असें ठेवणें.

११ डिसेंबर १८५३ रोजीं तिसरे रघुजी औरस पुत्र नसतांना वारले. लॉर्ड डलहौसीनें दत्तकाचा हक्क मानला नाहीं आणि १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें. त्यानंतर जें झालें तें आपल्या विषयाशीं थेट जोडलेलें आहे. राजवाड्यांतील हत्ती, उंट, घोडे आणि बैल सीताबर्डीस लिलांवांत काढले गेले आणि मातीमोलानें विकले गेले. जडजवाहीर विक्रीसाठीं कलकत्त्यास रवाना झालें. वाड्यांतील सामानही हलविण्यांत आलें. ज्या बैलांना पोळ्याला राजाच्या नांवाचा साज चढत असेल ते बैल दुसऱ्याच्या दावणीला गेले; ज्या हत्तींवर दसऱ्याची अंबारी चढे ते पांगले. राज्य गेलें तें एका हुकुमानें. पण राज्याची आठवण ज्या वस्तूंत होती त्या वस्तू गेल्या तेव्हां नागपुरास खरा धक्का बसला. सर जॉन के या इंग्रज इतिहासकारानेंच लिहून ठेवलें आहे कीं, या लिलांवांचा परिणाम राज्य खालसा होण्याच्या परिणामाहूनही वाईट झाला.

याच प्रसंगांत एक वृद्ध स्त्री उभी राहिली. दुसऱ्या रघुजींची विधवा राणी बांकाबाई. वाड्यांतलें सामान हलविलें तर आपण वाड्यास आग लावूं, असें तिनें बजावलें, अशी नोंद के यानें केली आहे. सामान गेलेंच, तिचा इलाज चालला नाहीं. १८५८ सालीं ती वारली.

आतां इतिहासाची एक विचित्र गति पाहा. काळ्या मारबतीचा संबंध लोक याच बांकाबाईशीं जोडतात. तिनें इंग्रजांशीं संधान बांधलें, म्हणून तिची प्रतिमा दर वर्षीं जाळावयाची, असें लोककथा सांगते. तिच्या राजकारणाचा न्याय करण्याचें हें स्थळ नव्हे. पण घराच्या जिनसांच्या इतिहासांत तिची जागा निराळी आहे. तेथें ती आपल्या सासरच्या पेट्यांवर हात ठेवून उभी राहिलेली बाई आहे. ज्या दिवशीं शहर तिला जाळतें असें मानतात त्याच दिवशीं तिच्या पतीनें सुरू केला असें सांगतात तो लाकडी बैल शहर प्रेमानें मिरवितें. जळणारी वस्तू एक गोष्ट सांगते आणि जपलेली वस्तू दुसरी. आणि दोन्ही ऐकल्याशिवाय इतिहास पुरा होत नाहीं.

नाश आणि जतन यांच्यामधला एक तिसरा मार्गही आपल्या घरांत आहे, आणि तो स्त्रियांनीं घालून दिलेला आहे. भाद्रपदांत अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात. पुण्या-मुंबईकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्या विदर्भांत महालक्ष्म्या. धान्याच्या कोठ्यांवर किंवा लोखंडी सांगाड्यांवर त्यांना उभें करतात, साड्या नेसवितात, दागिने घालतात, वर मुखवटे बसवितात, पुढें त्यांचीं बाळें ठेवतात. सोळा भाज्या, पुरणपोळी, कढी, आंबील असा नैवेद्य होतो. वर फुलोरा टांगलेला असतो. तिसऱ्या दिवशीं अक्षता टाकून मुखवटे किंचित् हलवितात. तेंच विसर्जन. देवी गेली, पण मुखवटा राहिला.

या एका लहानशा हालचालींत केवढी व्यवस्था भरली आहे! जें नाशवंत आहे, म्हणजे पानें, फुलें, अन्न, तें त्याच तीन दिवसांत संपतें. जें वापराचें आहे, म्हणजे साडी आणि धान्य, तें घराच्या वापरांत परत जातें. आणि जें घराण्याचें आहे, म्हणजे मुखवटे, बाळें आणि दागिने, तें पेटींत जातें. काय संपवावें, काय वापरावें आणि काय जपावें, याची निवड कोणा एका वर्षींच्या लहरीवर सोडलेली नाहीं. ती विधींतच शिवून टाकलेली आहे. भाऊ वेगळे झाले तरी मुखवटे कोणाकडे राहावे याची रीत घराण्याघराण्यांत ठरलेली असते. कोठें ते थोरल्याकडे राहतात, कोठें दर वर्षीं पाळीनें एकेका भावाच्या घरीं जातात. शेत वांटलें जातें, वाडा वांटला जातो. पण मुखवट्यांची पेटी वांटतां येत नाहीं, म्हणून वर्षांतून एकदां सगळ्यांना एका छपराखालीं यावें लागतें.

आपल्याच शहरांतील दुसऱ्या घरांत डोकावलें तरी हीच रचना दिसते. तमिळ कुटुंबांत नवरात्रांत बाहुल्यांचा गोलू मांडतात. त्यांत रक्तचंदनाच्या लाकडाची नवराबायकोची एक जोडी मानाची. ती मुलीला लग्नांत आईकडून मिळते आणि तिच्या नव्या घरच्या गोलूचा आरंभ त्या जोडीनें होतो. दर वर्षीं एखादी नवी बाहुली घ्यावयाची. विजयादशमीच्या रात्रीं एखाद्या बाहुलीला निजविल्यासारखें आडवें करतात, आणि मग सगळा गोलू पेटींत जातो. सांठवण्याच्या कामालासुद्धां विधीचें रूप देण्याची ही कल्पना किती सुंदर आहे!

आणि नाताळ. नागपूरशेजारीं कामठीची लष्करी छावणी १८२१ सालीं वसली, आणि तिच्याबरोबर युरोपियन लोकांचे सण या भागांत आले. स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीं नागपुरास आले. पण ते स्कॉटलंडचे, आणि स्कॉटिश पंथांत नाताळच्या थाटाला फारसें स्थान नव्हतें. त्या देशांत नाताळची सार्वजनिक सुटी १९५८ सालीं सुरू झाली, यावरून काय तें समजावें. थाटाचा नाताळ रोमन कॅथॉलिक आणि अँग्लिकन पंथांचा. कॅथॉलिकांचा नागपूर धर्मप्रांत १८८७ सालीं झाला आणि अँग्लिकन बिशप १९०३ सालीं आले. नाताळ हा शब्द आपल्या भाषेंत त्याच्याही फार पूर्वीं पोर्तुगीजांकडून येऊन स्थिरावला होता.

नाताळच्या सजावटींतही तेच दोन वर्ग आहेत. हिरव्या फांद्या आणि पानें हा नाशवंत वर्ग. गव्हाणींतील मूर्ति आणि झाडावरचे कांचेचे गोळे हा जपण्याचा वर्ग. गव्हाणीच्या देखाव्याची चाल संत फ्रान्सिसनें १२२३ सालीं इटलींतील ग्रेच्चो या गांवीं पाडली असें मानतात. पुढें नेपल्सच्या घराण्यांत या देखाव्याच्या बाहुल्या वारशानें चालत आल्या. कांचेचे गोळे जर्मनींतील लाउशा या गांवीं एकोणिसाव्या शतकांत फुंकले जाऊं लागले. १८४८ सालीं इंग्लंडच्या राणीच्या कुटुंबाचें सजविलेल्या झाडाभोवतीं काढलेलें चित्र लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकांत आलें आणि झाडाची चाल इंग्रजी घरांत झपाट्यानें पसरली. कांच हा जिन्नसच असा कीं तो जपावा तर काळजीनें, नाहीं तर मुळींच नाहीं. म्हणून कापसांत गुंडाळलेले गोळे आणि प्रत्येकासाठीं स्वतंत्र कप्पा असलेली खोकीं या घरांत आलीं.

पण सजावट केव्हां उतरवावी? त्याला इंग्लंडांत एक तिथि ठरली. नाताळच्या बाराव्या रात्रीनंतर, म्हणजे जानेवारीच्या पांचव्या-सहाव्या तारखेनंतर, सजावट लटकत राहिली तर घराला अपशकुन. त्याच्याही पूर्वीं दोन फेब्रुवारीच्या सणापर्यंत मुदत असे. जपानांत तीन मार्चला मुलींचा बाहुल्यांचा सण असतो. तेथें अशी समजूत आहे कीं, सण झाल्यावर बाहुल्या वेळेवर आंत ठेवल्या नाहींत तर त्या घरच्या मुलीचें लग्न लांबतें. आपल्याकडे महालक्ष्म्या मूळ नक्षत्रावर उठल्याच पाहिजेत. तिन्ही ठिकाणीं भीति निराळी, पण तिच्या आडून साधलेलें काम एकच. सजावट लावण्याचा उत्साह माणसाला असतोच, उतरविण्याचा नसतो. म्हणून शहाण्या समाजांनीं उतरविण्याच्या दिवसाला धर्माचा पहारा बसविला. या समजुतींना हंसून आपण तो पहारा उठवूं शकतों. पण मग त्या जागीं आपली स्वतःची शिस्त बसवावी लागेल.

ती शिस्त कोणती, याविषयीं थोडें सांगणें वावगें होणार नाहीं. नागपूरच्या पेटीला दोन शत्रू आहेत, उन्हाळा आणि पावसाळा. २०१३ सालच्या मे महिन्यांत येथें ४७·९ अंश तपमान नोंदलें गेलें. पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर त्याहूनही अधिक असणार. त्या उष्म्यांत मेणबत्ती वांकते, लाखेचें काम मऊ होतें, रंगाला भेगा पडतात. लगेच जूनमध्यें ओल येते. लोखंडाच्या सांगाड्याला गंज, रेशमाला कसर, लाकडाला वाळवी. म्हणून पेटी छपराला लागूनही नको आणि भुईवरही नको. सागवानी बैलाला ठेवण्यापूर्वीं ओल पूर्ण वाळवून, रंग नसलेल्या भागीं आपल्याकडच्या जवसाच्या तेलाचा हात द्यावा. पितळी मुखवटा चिंचेनें उजळल्यावर साध्या पाण्यानें धुऊन अगदीं कोरडा करावा. चिंचेचा अंश राहिला तर हिरवट डाग येतो. चांदी लोकरींत किंवा वर्तमानपत्रांत गुंडाळूं नये. ती काळी पडते. जरीची साडी मलमलींत ठेवावी आणि वर्षांतून एकदां तिच्या घड्या बदलाव्या, नाहीं तर जर त्याच रेघेवर तुटते. कापूर आणि डांबराच्या गोळ्या एकत्र तर मुळींच ठेवूं नयेत. दोहोंचें मिश्रण आपल्या उन्हाळ्यांत पातळ होतें आणि कापडावर न जाणारे डाग पाडतें. कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंड हे आपले जुने सोबती आहेत. त्यांना विसरूं नये.

पेटी भरण्याचा क्रमही ठरलेला असावा. जें शेवटीं लागतें तें तळाशीं, जें आधीं लागतें तें वर. विजेच्या दिव्यांची माळ पुठ्ठ्यावर गुंडाळून, पेटवून पाहून ठेवावी. पुढच्या वर्षीं ऐन संध्याकाळीं तिची परीक्षा घेण्यांत अर्थ नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे यादी. ती झाकणाच्या आंतल्या बाजूस चिकटवावी. तींत जिन्नस किती, कोणता फुटला, काय नवें घ्यावें लागेल, एवढें तर असावेंच. पण त्याबरोबर वस्तू कोणाची, कोणत्या सालीं आली, कोणीं केली, हेंही एका ओळींत लिहावें. जामदारखान्याच्या कारकुनाला जें कळत होतें तें आपल्या सुशिक्षित घरांना कळूं नये असें थोडेंच आहे! ही यादी म्हणजे त्या घराची बखर होय. दहा वर्षांच्या अशा दहा याद्या एकत्र वाचल्या तर कोणत्या वर्षीं घरांत नवें माणूस आलें, कोणत्या वर्षीं सण साधेपणानें झाला आणि कां, हें सारें त्यांतून कळेल.

हें आज मुद्दाम सांगण्याचें कारण आहे. गेल्या कांहीं दशकांत आपल्या सजावटींत एक चौथा प्रकार शिरला. थर्मोकोलचीं मखरें आणि प्लास्टिकचीं फुलें. थर्मोकोल दर वर्षीं नवें आणून दर वर्षीं टाकून दिलें गेलें. तें जपण्याइतकें मोलाचें नव्हतें आणि मातीला परत जाण्याइतकें नाशवंतही नव्हतें. मारबतीसारखें कसब त्यानें शिकविलें नाहीं, लाकडी बैलासारखी आठवण त्यानें धरली नाहीं. महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं त्यावर बंदी घातली. पण बंदीनें रिकामी झालेली जागा भरावयाची कशानें, हें हुकूम सांगत नाहीं. तें घरांनीं ठरवावयाचें आहे.

त्यांतच घरें बदललीं. महालांतले आणि इतवारींतले वाडे उतरले, त्यांच्या जागीं सदनिका आल्या. सदनिकेला माळा नाहीं, कोठीची खोली नाहीं. मुलगा पुण्याला, मुलगी परदेशीं. अशा वेळीं पेटी ही अडचण वाटूं लागते. लाकडी बैल भंगारांत जातो, जुने मुखवटे कोणाला तरी देऊन टाकले जातात, आणि त्यांच्यासाठीं सीताबर्डीच्या लिलांवाची दवंडी पिटावी लागत नाहीं. तो लिलांव परक्या सरकारनें केला होता म्हणून शहराला त्याची चीड आली. हा आपण आपल्या हातानें करतों, म्हणून तो कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं.

सारेंच जपावें असें माझें म्हणणें नाहीं. मारबतीनें शिकविलेलें तेंही खरें आहे. कांहीं वस्तूंनीं जळून जावें, कांहींनीं पाण्यांत विरघळावें, हेंच त्यांचें सार्थक. पण कोणती वस्तू सोडावयाची आणि कोणती ठेवावयाची, ही निवड डोळे उघडे ठेवून व्हावी. महालक्ष्म्यांच्या तिसऱ्या दिवशीं मुखवटा हलविणारी बाई ती निवड दर वर्षीं करीत आली आहे. राजाचा जामदारखाना लुटला गेला आणि त्याचे कारकून पांगले. पण तिची पेटी शाबूत राहिली, कारण तिची मोजदाद कोणत्याही सरकारच्या वहींत नव्हती. ती मोजदाद तिच्या स्मरणांत होती. आतां तें स्मरण कागदावर उतरविण्याची वेळ आली आहे. येत्या सणाच्या दुसऱ्या दिवशीं, पेटीचें झाकण लावण्यापूर्वीं, घरांतील लहान मुलांना जवळ बसवावें, एकेक वस्तू त्यांच्या हातांत द्यावी, तिचें नांव सांगावें, आणि यादी त्यांच्याच अक्षरांत लिहवून घ्यावी.